बुटाचा नंबर आणि कोर्टाची तारीख : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मा. महोदय,

गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाने मुलासाठी बूट घेतले. लाल, वेलक्रोचे. फॅमिली कोर्टातल्या मुलांच्या खोलीत त्याची भेट होती, मीही सोबत होते. पोराने पाय घातला, पण टाच काही आत जाईना. तो एकदा बापाकडे बघे, एकदा दाराबाहेर बाकावर बसलेल्या आईकडे. शेवटी मीच बूट परत खोक्यात भरले. नंबर दोनने चुकला होता. भावाच्या डोक्यात राहिला होता तो पोरगा घरी असतानाचा नंबर.

मी त्या मुलाची आत्या. बारशाला त्याच्या कानात कुर्र मीच केलं. पण हे पत्र भावाच्या वकिलीसाठी नाही. भावजयीच्या तक्रारी मला ठाऊक आहेत आणि त्यातल्या निम्म्या खऱ्या आहेत. तक्रार आहे ती तारखांची. मुलाला भेटू द्या, एवढ्या अंतरिम अर्जावर आदेश व्हायला एक वर्ष सात महिने लागले. आधी नोटीस पोचेना. मग समोरच्यांचा ‘से’, म्हणजे अर्जावरचं लेखी उत्तर, येईना. मग आमच्याच वकिलांनी तारीख मागितली, उन्हाळ्याची सुट्टी लागली, न्यायाधीश बदलले. आदेश झाला तेव्हा मिळाले दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारचे दोन-दोन तास. तोवर तीन वर्षांचं पोर पाचव्या वर्षाला टेकलं होतं.

‘कायदे सगळे बायकांच्या बाजूचे, बापाला कोण विचारतंय’ असं आमच्या नात्यात सर्रास बोललं जातं. म्हणून मी कायदाच वाचायला घेतला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६, कलम ६. त्यात नैसर्गिक पालक म्हणून पहिलं नाव बापाचंच आहे, आई ‘त्याच्यानंतर’. त्या ‘नंतर’चा अर्थ बाप वारल्यावरच असा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सांगावं लागलं. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा ‘सामान्यतः’ आईकडे, हेही त्याच कलमात. आणि कलम १३ म्हणतं, मुलाचं कल्याण सर्वांत वर.

बापांना ताबा मिळतच नाही, हेही खरं नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा बापाकडेच ठेवला. तो कित्येक वर्षं बापाजवळ वाढला होता आणि न्यायमूर्तींनी चेंबरमध्ये विचारलं तेव्हा तिथून हलायला तयार नव्हता. २०१५ मध्ये गोव्यातून आलेल्या प्रकरणात निकाल उलटा लागला : मूल पाच वर्षांखालचं असेल तर आई नालायक आहे हे बापाने सिद्ध करावं, नुसतं बोलून चालणार नाही. मला दोन्ही निकाल पटतात. पण पहिल्यातली मेख बघा. मूल जिथे रुळलंय तिथून त्याला उपटू नये, असं कोर्ट म्हणतं आणि बरोबरच म्हणतं. मग रुळायला लागणारी वर्षं कोण पुरवतं? तारखा पुरवतात. ज्याच्या हाती पहिल्या दिवशी पोर, त्याने फक्त तारखा घ्यायच्या.

हा फटका बापांनाच बसतो असं नाही. आमच्या गावाकडे सुनेला माहेरी धाडून पोर ठेवून घेतात, तेव्हा याच तारखा आईच्या मुळावर येतात. दोन वर्षांनी ती कोर्टात उभी राहते आणि पोर आजीचा पदर सोडत नाही.

आता मागणं. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ ला २००१ मध्ये एक परंतुक, म्हणजे पुरवणी वाक्य, जोडलं गेलं : मुलांच्या पोटगीचा आणि शिक्षणाचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा. ताबा आणि भेटीचं नाव त्यात नाही. म्हणजे शाळेच्या फीला मुदत आहे, आणि शाळेत सोडायला कोण जाणार याला नाही! ही दोन नावं त्यात घाला. ‘तो केंद्राचा कायदा आहे’ असं उत्तर कृपया देऊ नका. विवाह, घटस्फोट आणि अज्ञान मुलं हे विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. विधिमंडळाने दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेता येते. विधी आयोगाने २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे मूल आई-बाप दोघांकडेही राहावं याची, शिफारस केली ती २०१५ मध्ये. तेवढं सगळं होईपर्यंत थांबा असं मी म्हणत नाही, साठ दिवसांचं आधी करा.

दुसरी गोष्ट तर सर्वस्वी राज्याच्या हातातली. फॅमिली कोर्टात समुपदेशक किती असावेत हे १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ६ नुसार राज्य सरकारच उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने ठरवतं. आमच्या वेळी समुपदेशक बाईंच्या दाराबाहेर इतकी जोडपी बसलेली होती की आमच्या वाट्याला वीस मिनिटं आली. त्यात त्यांनी पोराला पोळी आवडते की भात, एवढं तरी विचारलं. कोर्टात दुसऱ्या कुणी तेही विचारलं नव्हतं.

तिसरं, फोन. वेगळं राहणाऱ्या आई किंवा बापाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. भावाच्या आदेशात फोनचा उल्लेखच नाही, आणि तो घालून घ्यायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा ‘से’.

बुटांची पावती हरवली, दुकानदार बदलून देत नाही. पुढची भेट चौथ्या शनिवारी आहे. या खेपेला मी कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन जाणार आहे, पायाचं माप घ्यायला.

आपली,
एक आत्या, पुणे