मुलाखतीची धास्ती कशाला?

महोदय,
बारावीनंतर थेट अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरी माजी विद्यार्थ्यांकडून होणाऱ्या मुलाखतीची भलतीच धास्ती असते. तिच्यासाठी शिकवणी लावणारे पालकही आहेत! मुलाखत घेणारी व्यक्ती पगारी नसते, स्वयंसेवक असते. अर्जदाराचे गुण आणि निबंध बहुधा तिने पाहिलेलेही नसतात. तासाभराच्या गप्पांनंतर ती अहवाल पाठवते, निर्णय प्रवेश समितीचा.

आशियाई वंशाच्या अर्जदारांना प्रवेशात डावलल्याचा आरोप करणाऱ्या, हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्याची २०१८ मध्ये बोस्टनला सुनावणी झाली, तेव्हा या अहवालांचे वजन किती ते दिसले. वादींच्या विश्लेषणानुसार, प्रत्यक्ष भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वासाठी गोऱ्यांच्या जवळपास गुण दिले होते. बहुतेकांना न भेटलेल्या प्रवेश कार्यालयाने मात्र कमी. हार्वर्डने भेदभावाचा आरोप नाकारला. तरी भेटलेल्यापेक्षा न भेटलेल्याचे मत भारी ठरत असेल, तर भेटायचे कशाला?

अर्थात मुलाखतीचा पूर्वेतिहासही स्वच्छ नाही. १९२०च्या दशकात तिथल्या बड्या विद्यापीठांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या रोखण्यासाठी ‘चारित्र्य’, छायाचित्र, मुलाखत असे निकष पुढे केले. गुणांवर हे विद्यार्थी प्रवेश मिळवत होते, ही अडचण होती.

त्यामुळे या भेटीला गुण देणे बंद करावे. पुण्या-मुंबईच्या मुलांना तिथली थंडी, खर्च, वसतिगृह यांबद्दल तिथे राहिलेल्या माणसाला विचारता यावे, एवढाच तिचा उपयोग ठेवावा. आणि पालकांनी शिकवणीचे पैसे वाचवावेत.

– एक वाचक, कोथरूड, पुणे