पाल्पामार्गे काठमांडू

साखर पेठ, सोलापूर

संज्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच फिदीफिदी हसला असतास, म्हणून लिहितोय. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी साखर गोळ्यांवर. झालं. आता ऐक.

श्रावणात आईला पशुपतिनाथ घडवायचा म्हणून निघालो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढं सुनौली. सीमा म्हणजे काय बे, एक कमान! आपल्याला व्हिसा लागत नाही. पलीकडं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं आणि आपल्या शंभराचे तिथले एकशे साठ. मामी तिथंच श्रीमंत झाल्या, सगळ्या बसला चहा पाजला.

बुटवलहून नारायणगढ, मुग्लिंग, काठमांडू असा ठरलेला रस्ता. पण नारायणगढच्या पुढं दरड आलेली. 2024 च्या जुलैत त्याच पट्ट्यात सिमलतालला दोन बसगाड्या दरडीबरोबर त्रिशूली नदीत गेल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, थांबायचं नाही, आणि गाडी घातली सिद्धार्थ राजमार्गाला. पाल्पा, पोखरा करून मुग्लिंग पलीकडून गाठायचं. मामा नकाशा काढून भांडले, अगदी तू गड्ड्याच्या जत्रेत पाळणेवाल्याशी भांडतोस तसे. ड्रायव्हरनं गाणी लावली.

मुक्काम पडला पाल्पातल्या तानसेनला. डोंगरावरचं गाव, चढ असे की आईला बाकावर बसवून आम्हीच खोल्या शोधल्या. जेवणात चुकौनी, म्हणजे दह्यातला बटाटा. चांगला लागतो, पण मामींनी शेंगा चटणीची पुडी काढलीच.

सकाळी एकटाच फिरत होतो. एका दारातनं आवाज आला. खट्, मग थोडं थांबून पुन्हा खट्. संज्या, मी रस्त्यातच उभा राहिलो. आत एक बाई लाकडी हातमागावर ढाका विणत बसलेली. तेच कापड, ज्याच्या टोप्या तिकडचे लोक घालतात. रंगीत धागे बोटांनी एकेक घालत होती. तेवढ्यात ताण्यातला एक धागा तुटला. मी विचारलंसुद्धा नाही, वाकलो आणि गाठ मारली. तुझ्या अण्णांनी शिकवलेली, जी फणीत अडकत नाही ती. किती वर्षांनी मारली असेल! बाईनं गाठीवरनं नख फिरवलं, माझ्याकडं बघितलं आणि सरकून मला जागा दिली. भाषा कळत नव्हती आणि तिला काही विचारायचंही नव्हतं.

आता खरं दुखणं. पोरानं घरामागचा माग भंगारात द्यायचं ठरवलंय. गिऱ्हाईक गुरुवारी येणार. जागेत पार्किंग करायचं म्हणतो. त्याचं चुकतंय असंही नाही. अख्ख्या पूर्व भागात चादरीचे माग कमी होत गेले, टॉवेलवाले उरले, आणि हा तर माझ्याच्यानंही चालत नाही. तू सुरतेला गेलास तेव्हा मी तुला पळपुटा म्हणालो होतो. ते मी अजून मागं घेतलेलं नाही, नोंद ठेव.

पण मागाबरोबर जेकार्डचे पुठ्ठेही जातील, ज्यांच्या भोकांवरनं चादरीत नक्षी उतरते ते. अण्णांनी भोकं पाडलेला मोर, वेलीसकट. भंगारवाला किलोवर नेणार, पुठ्ठा म्हणून! लोखंड जाऊ दे, लोखंडाला काय रडायचं. हे पुठ्ठे मात्र माझे नाहीत, तुझे आहेत, आणि घरात हे कुणाला सांगू? बायको म्हणते, एवढं आहे तर फोटो काढून ठेवा. फोटोतनं चादर निघते होय बे?

पुढं रामदीला काली गंडकी ओलांडली. शाळिग्राम तिथलाच, म्हणून आईनं पुलावरनंच हात जोडले आणि वळसा देवानंच घडवला असं ठरवून टाकलं. पशुपतिनाथ झाला. गर्दी होती.

तुझ्या पोरीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार. नवीन घराची वास्तुशांत कळव.

पुठ्ठे सध्या मी माळ्यावर, गाद्यांमागं टाकलेत. पोराला पत्ता नाही. नेणार असशील तर गुरुवारच्या आत फोन कर, नसशील तरी कर. रात्री नऊनंतर, तेव्हा तो जिमला असतो.

तुझा,
पांड्या