ताई, तुमची ती पुठ्ठ्याची टेबलं

प्रिय ताई,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून टाकते आहे.

१,४०० चौरस फुटांचं ऑफिस सोडून ६०० चौरस फुटांत जायचं ठरलं, तेव्हा ते कोणाला सांगायचीही मला लाज वाटत होती. तुम्हाला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. फोनवर तुम्ही नुसतं ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन नव्या जागेच्या दारात उभ्या होतात. जागा लहान आहे, असं एकदाही म्हणाला नाहीत. "आधी दार किती रुंद आहे ते बघू," एवढंच म्हणालात. मोठं मीटिंग टेबल त्या दारातून जाणारच नाही हे तेव्हाच कळलं, नाहीतर ते ऐनवेळी जिन्यात अडकलं असतं.

मग तुम्ही आलेख कागदावर जागा काढलीत, एक फूट म्हणजे एक सेंटीमीटर. प्रत्येक टेबल-खुर्चीचा, कपाटाचा पुठ्ठ्याचा तुकडा कापलात. फायलींचं कपाट दोन फूट खोल, म्हणून मी तेवढीच जागा धरली होती. तुम्ही त्याच्यापुढे आणखी एक तुकडा ठेवलात. ड्रॉवर पूर्ण ओढला की दोन फूट लागतात, आणि तो उघडणाऱ्या माणसालाही उभं राहायला जागा हवी. हे मला कधीच सुचलं नसतं.

पण कागदावर पहिला तुकडा तुम्ही कपाटाचा ठेवला नव्हतात. ज्यांची नजर अधू होत चालली आहे त्या आपल्या सहकाऱ्यांचं टेबल तुम्ही आधी खिडकीशी ठेवलंत, आणि बाकीचं ऑफिस त्याच्याभोवती मांडलंत. मी केबिन काढून टाकायचं ठरवलं ते तिथेच.

फायली निवडायला आपल्याला दोन आठवडे लागले. प्रत्येक गठ्ठ्याला तुमचा एकच प्रश्न: "हे शेवटचं कधी उघडलं?" उत्तर आलं नाही तरी तुम्ही तो लगेच रद्दीत टाकला नाहीत. कायद्याने ठेवायचं ते वेगळं, स्कॅन करून मूळ कागद टाकून देता येईल ते वेगळं, आणि लोकांची खासगी माहिती असलेलं सगळं बारीक फाडूनच बाहेर. काय काय काढलं त्याची वही तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिलीत. आवक-जावकची जुनी रजिस्टरं मात्र एकही टाकू दिली नाहीत. "कागद गेला तरी तो कुठे गेला ते यात सापडतं." परवा एका जुन्या कराराची चौकशी आली. रजिस्टर आणि तुमची वही शेजारी ठेवली, दहा मिनिटांत उत्तर देता आलं.

खोकी लहानच घ्यायला लावलीत. ५०० कोऱ्या पानांचं साधं ए-फोर रीम सुमारे अडीच किलोचं असतं, मोठं खोकं फायलींनी भरलं तर उचलणाऱ्याची कंबर जाते. नंबर खोक्याच्या वर न लिहिता बाजूला लिहायचा, कारण एकावर एक रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. वायरी काढण्याआधी प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागचा फोटो. बॅकअपची डिस्क टेम्पोत नाही, तुमच्या पर्समध्ये. सोमवारी सकाळी साडेदहाला आमचं काम सुरू झालं होतं.

त्या आवराआवरीत मी एकदा जुन्या स्टोअररूममध्ये बसून रडले. तुम्ही दार लोटून घेतलंत, काही न बोलता शेजारी बसून दोऱ्या सोडवत राहिलात. त्या अर्ध्या तासाचे आभार कसे मानायचे, मला अजून कळलेलं नाही.

तो आलेख कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. पुठ्ठ्याचे तुकडेही आहेत, फक्त एक हलवला आहे: प्रिंटर दाराजवळ नेला, आवाजाचा त्रास होत होता. येऊन एकदा बघा, बरोबर आहे ना.

तुमची,
खिडकीपासून तिसऱ्या टेबलावरची