सार्जंट, तुमचे आभार आणि एक मागणी

प्रिय सार्जंट,

इंग्रजीतलं आभाराचं पत्र तुम्हाला केव्हाच पोचलंय. हे मराठीत लिहितोय ते आमच्या घरच्यांसाठी आणि इथल्या मराठी मंडळींसाठी. मी अमेरिकेच्या सैन्यात राखीव दलात आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ‘तिथे करतोस काय?’ या प्रश्नाला ‘बातम्या करतो’ असं उत्तर दिलं की समोरचा बुचकळ्यात पडतो. मग तुम्ही आम्हाला काय शिकवलंत हे तरी त्यांना कुठून कळणार?

परदेशातल्या तळांवर राहणाऱ्या अमेरिकी सैनिकांसाठी एएफएन नावाचं स्वतःचं रेडिओ-टीव्हीचं जाळं आहे. ४ जुलै १९४३ रोजी ते लंडनहून सुरू झालं, तेही बीबीसीची साधनं उसनी घेऊन. त्यावर धंदेवाईक जाहिराती नसतात. त्या जागी सैनिकांच्या उपयोगाच्या सूचना लागतात. बरेच निवेदक गणवेशातलेच, कॅमेरा धरणारेही. याशिवाय तळावरच्या घडामोडींच्या चित्रफिती मायदेशी पाठवायच्या, तिकडच्या वाहिन्यांनी त्या वापराव्यात म्हणून. आमच्यासारखे लोक हे काम मेरीलँडमधल्या फोर्ट मीडच्या डिफेन्स इन्फॉर्मेशन स्कूलमध्ये शिकतात आणि मग आपापल्या नोकऱ्यांत रुळतात. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षाकाठी दोन आठवडे, एवढाच गणवेशाशी संबंध. बसलेला हात हळूहळू जातो. त्यात लेखन-छायाचित्रं करणारे आणि प्रसारण करणारे ही दोन पदंही सैन्याने एक करून टाकली, म्हणजे आता सगळ्यांना सगळं आलं पाहिजे. परदेशी तैनातीचा हुकूम येतो तेव्हा उजळणीला वेळ कमी आणि गोळीबाराचा सराव, लशी, कागदपत्रं यांचीच गर्दी जास्त.

त्या गर्दीतून तुम्ही आमच्या उजळणीसाठी वेळ काढलात. निवृत्त झाल्यावर, स्वतःचे शनिवार-रविवार मोडून. त्याबद्दल आभार मानायचे तर मानतोच, पण खरे आभार तुम्ही काय गाळलंत त्याचे आहेत. नव्या कॅमेऱ्याची बटणं तुम्ही शिकवलीच नाहीत. ‘ती पुस्तिकेत आहेत, तुम्हाला वाचता येतं,’ म्हणालात आणि पुढे गेलात.

त्याऐवजी आम्हाला कान दिलेत. आम्ही आणलेली पहिली मुलाखत लावलीत आणि पडद्यावर चक्क कागद चिकटवलात. चित्र नाही, नुसता आवाज. बुलेटप्रूफ जॅकेटवर लावलेल्या कॉलर माईकमध्ये वेल्क्रोची खरखर, मागे जनरेटरची घरघर, आणि त्यातून बोलणाऱ्याचं अर्धं वाक्य. ज्या फितीवर आम्ही खूश होतो ती कुणालाच दोन मिनिटंही ऐकवेना. मग तुम्ही माईक जॅकेटच्या शिवणीखालून कसा घ्यायचा, वायरीला एक सैल फास देऊन ती चिकटपट्टीने कशी बसवायची, हे स्वतःच्या अंगावर करून दाखवलंत. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करायला लावलात. सुरुवातीला आम्ही हसलो. संकलनाला बसल्यावर त्याच अर्ध्या मिनिटाने कापून जोडलेल्या तुकड्यांमधले सगळे सांधे झाकले. वाळू बसलेल्या भिंगाला कापड लावण्याआधी फुंकणीने हवा मारायची, हेही तेव्हाचंच. इराकमध्ये एएफएनच्या फ्रीडम रेडिओवर काम केलेल्या तुमच्यासारख्या माणसाने सांगितलं की ते डोक्यात बसतं.

दुसरी गोष्ट गप्प राहण्याची. मुलाखत देणाऱ्याच्या मागे फळ्यावर काय लिहिलंय, भिंतीवर नकाशा आहे का, फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू आहे का, हे आधी बघायचं. आपल्या तळावर रॉकेट पडलं तर खड्डा दाखवायचा नाही, कारण नेम किती चुकला हे मारणाऱ्याला फुकटात कळतं. युद्धकैद्याचा चेहरा दाखवायचा नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं तेरावं कलम त्याला लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण देतं. हे नियम आम्हाला पाठ होते. पाठ असणं आणि अंगात मुरणं यांतला फरक तुमच्या त्या एका सरावाने दाखवला.

सराव असा: काल ज्या जवानाची हसतखेळत मुलाखत घेतली, तो आज मारला गेला. फीत तुमच्याकडे आहे, वाहिनी मागतेय, वरिष्ठ फोनवर आहेत. नियम सांगतो की घरच्यांना कळवल्यापासून चोवीस तास नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. तळावरचं इंटरनेट बंद झालेलं, ज्याला सैनिक ‘रिव्हर सिटी’ म्हणतात, म्हणजे कुणाच्या आईला ही बातमी भलत्याच ठिकाणाहून कळू नये. आमच्यातला एकजण म्हणाला, चेहरा धूसर करून देऊ. तुम्ही म्हणालात, ‘आवाज आईला ओळखू येणार नाही?’ वर्गात पुढे कुणी काही सुचवलं नाही. फीत कपाटात गेली आणि तुम्ही खुर्ची ओढून त्या कुटुंबाशी नंतर कुणी, केव्हा आणि कसं बोलायचं यावर बराच वेळ बोललात. वेळापत्रकात तो तास नव्हता. माझ्या मते सगळ्या उजळणीत कामाचा तोच होता.

एक तक्रारही करतो, तुम्हाला चालेल. तुमच्या हस्ताक्षरातल्या टिपा वाचताना एक शब्द नक्की काय आहे यावर आमच्यातल्या दोघांनी पैज लावली होती, आणि दोघेही हरले.

कुठे चाललोय, कोणत्या तुकडीबरोबर आणि केव्हा, हे इथे लिहीत नाही. तुमचाच धडा.

आता मागणी. पुढच्या तुकडीला शिकवाल तेव्हा पडद्यावर कागद चिकटवायचा सराव पहिल्या दिवशी सकाळी घ्या आणि त्या जवानाचा सराव त्याच्या लगेच मागे. आम्हाला हा दुसरा सराव शेवटच्या दुपारी मिळाला, तेव्हा सामान बांधायची घाई होती आणि विचारायचे प्रश्न बरेच राहून गेले. ते मी वेगळे लिहून पाठवतोय. उत्तरं टाइप करून दिलीत तर बरं.

तुमचा विद्यार्थी