पाच लिटर पाण्याचा सल्ला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पानावर चौकटीत ठळक छापलंय, ‘रोज पाच लिटर पाणी प्या, किडनी धुऊन काढा.’ हे कुणासाठी लिहिलंय? सरसकट सगळ्यांसाठी?

आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. लघवी जवळजवळ बंद आहे. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर ठरवून दिलंय, चहा-ताक-आमटी सगळं त्यात धरून. वहिनी सकाळी बाटली मोजून भरतात आणि कपभर चहा दिला की कपभर पाणी त्यातून काढून टाकतात. गेल्या मे महिन्यात कुणीतरी असलंच एक कात्रण आणून दिलं. ‘पाणीच हाय की, पाण्यानं काय हुतंय?’ म्हणत अण्णा दोन दिवस तांब्यानं पाणी प्यायले, वर दोन शहाळी. तिसऱ्या रात्री त्यांना आडवं होता येईना, फुप्फुसात पाणी झालं होतं. पहाटे तीनला मंगळवार पेठेतून रिक्षानं दवाखान्यात नेलं, दोघांनी दोन्हीकडून धरून बसवून. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते बाहेर पडलं नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात, हे त्या कात्रणात नव्हतं. तुमच्या लेखातही नाही. मुतखड्याच्या माणसाला जास्त पाणी लागतं, मान्य. पण ते त्याचे डॉक्टर सांगतील.

आणि ‘धुऊन काढा’ म्हणजे काय? मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दर वर्षी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा गुर्दा आणून वर्गात ब्लेडनं उभा कापायची. बाहेरचा थर गडद तांबूस, आतल्या भागात बारीक रेघा, मधे पांढरट पोकळी. मुलं त्यात चाळणीची भोकं शोधायची. त्या रेघा म्हणजे नळ्या आणि रक्तवाहिन्या. माणसाच्या एकेका मूत्रपिंडात असे साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळणी आणि तिला जोडलेली नळी, असतात. दिवसाला 180 लिटर पाणी रक्तातून गाळलं जातं आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. उरलेलं पाणी, साखर, लागेल तेवढं मीठ या नळ्या पुन्हा रक्तात घेतात. वरून पाणी ओतून स्वच्छ करायला ती मोरी नाही. तांबड्या पेशी तयार करा, असा निरोप हाडांतल्या मगजाला मूत्रपिंडच धाडतं. अण्णांचं हिमोग्लोबिन म्हणूनच घसरतं, म्हणून त्यांना इंजेक्शनं घ्यावी लागतात. अर्ध्या पानाच्या लेखात यातली एक ओळ नाही. मधुमेह आणि रक्तदाब हे शब्दही नाहीत, ज्यांनी सगळ्यात जास्त मूत्रपिंडं जातात. गुडघेदुखीसाठी चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्‌महिने खाल्लेल्या गोळ्यांचाही उल्लेख नाही.

लेखाच्या बरोबर खाली ‘किडनी साफ करणारा’ काढ्याची जाहिरात आहे. वाचणाऱ्याला लेख कुठं संपला आणि जाहिरात कुठं सुरू झाली ते कळत नाही. निदान ती दुसऱ्या पानावर तरी टाकायची.

येत्या आरोग्य पानावर त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा की मूत्रपिंडाचा, हृदयाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी वाढवू नये. अण्णा तुमचा पेपर रोज सगळा वाचतात. काल वहिनींनी ते पान आधीच काढून ठेवलं.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर