मराठीच्या मंत्र्यांनी एकदा अंबाजोगाईला यावं

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार, साहेब.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि सगळा महाराष्ट्र खूश झाला. आमची बीड जिल्ह्यातली अंबाजोगाई जरा जास्तच झाली. घरातल्या वडीलधाऱ्याचा सत्कार व्हावा आणि पाव्हण्यारावळ्यांना आपण होऊन ते सांगत सुटावं, तसं आमचं झालं. मराठीचे आद्यकवी म्हणून ज्यांचं नाव शाळेपासून घेतलं जातं, त्या मुकुंदराजांची समाधी आमच्या गावाबाहेर बालाघाटच्या दरीत आहे. त्यांचा विवेकसिंधू परंपरेनं शके 1110 चा, म्हणजे 1188 सालचा. ज्ञानेश्वरी 1290 ची. माउलींच्या आधी शंभर वर्षं मराठीतून ब्रह्मविद्या सांगणारा माणूस आमच्या डोंगरात विसावलाय म्हटल्यावर आमची मान ताठ असणारच.

तर विनंती अशी आहे. अभिजात मराठीचा एक मोठा सरकारी सोहळा मुंबई-पुण्याऐवजी अंबाजोगाईत घ्या. आणि त्याआधी स्वतः दोन दिवस काढून गाव बघायला या. दौरा म्हणून नको, पाहुणे म्हणून या.

दोन दिवस कशाला, असं तुमचे सचिव विचारतील. त्यांना मुकुंदराजांचीच गोष्ट सांगा. जैतपाळ राजाला म्हणे ब्रह्म पाहायचं होतं, पण वेळ नव्हता. एक पाय रिकिबीत ठेवल्यापासून दुसरा पाय घोड्यावर टाकेपर्यंत ब्रह्म दाखवा, अशी त्याची अट. ज्या साधूंना ते जमलं नाही, त्यांना त्यानं कामाला जुंपलं. शेवटी मुकुंदराज आले, त्यांनी राजाला ताळ्यावर आणलं आणि साधूंची सुटका केली. आमच्याकडं येणारे पुष्कळ पाहुणे या जैतपाळाच्या घाईनं येतात. योगेश्वरीच्या दारात गाडी उभी राहते, दर्शन होतं, ओटी भरून होते, आणि घटकाभरात गाडी परळीच्या रस्त्याला लागते. बाकीचं गाव तसंच राहून जातं आणि आम्हाला चुटपूट लागते.

त्या पाहुण्यांना बोल लावत नाही. आई योगेश्वरी कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. इतक्या लांबून लेकरंबाळं घेऊन माणसं येतात, त्यांच्यासाठी देवीचं दर्शन हेच सगळं असतं. कोकणची देवी मराठवाड्यात कशी, असं कुणी विचारलं की आमच्या गावातलं शाळकरी पोरही पुढं सरसावतं. देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं. वऱ्हाड कोकणातून निघालं, सह्याद्री ओलांडून अंबाजोगाईपर्यंत पोचलं आणि इथं मुहूर्त टळला. परळी इथून अवघी पंचवीसेक किलोमीटर! देवी इथंच थांबली, कुमारिका राहिली, आणि वऱ्हाडाचा दगड झाला. मराठवाड्यातली लग्नं वेळेवर लागत नाहीत म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की हा खोळंबा आम्ही केलेला नाही. आम्ही उलट नवरीला कायमचं घर दिलं.

ते दगडी वऱ्हाड बघायला जयंती नदीच्या काठी हत्तीखान्यात चला. पुस्तकात त्याला शिवलेणी म्हणतात. आमच्या तोंडी हत्तीखाना, नाहीतर जोगाईचा मांडव. खडक फोडून खाली उतरवलेलं मोठं अंगण, मधोमध नंदीचा मंडप, अंगणात दगडाचे हत्ती आणि समोर जाडजूड खांबांच्या रांगा. हत्तींच्या पाठी ऊन-पावसानं झिजल्यात. त्यांच्यावरून हात फिरवला तर तळव्याला काळ्या खडकाची भोकं जाणवतात. वेरूळ-अजिंठ्याला जग जातं, जावंच. पण गावाला लागून, नदीच्या काठाशी, घरातून चालत जाऊन बघावं असं लेणं किती गावांच्या नशिबी आहे? माझा आग्रह आहे की तुम्ही तिथं उन्हं कलल्यावर जावं, कारण दुपारी तो खडक तापलेला असतो आणि पायात चप्पल असली तरी माणूस फार वेळ टिकत नाही.

बाराखांबी, म्हणजे सकलेश्वराचं देऊळ, आणि खोलेश्वर ही नावंही कानावर पडतील. खोलेश्वर हा यादव राजा सिंघणाचा सेनापती. त्याच्या नावाचं देऊळ आहे आणि कॉलेजही. सेनापतीच्या नावानं हजेरी देणारी पोरं आमच्याकडं आहेत, एवढं सांगून पुढं जातो.

कारण ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो, ती पासोडी अजून राहिलीय.

दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. मराठीत इतकं लिहिलेला संत दुसरा दाखवणं कठीण. गीतेवरची त्यांची गीतार्णव ही टीकाच सव्वा लाख ओव्यांची म्हणून ओळखली जाते. रोज एका ढब्बूची, म्हणजे तांब्याच्या एका जुन्या नाण्याची, शाई त्यांना लागायची, अशी आठवण आजही सांगतात. लेखकाचं मोठेपण शाईच्या खर्चावर मोजणारं आमचं गाव आहे, आणि मला ते माप फार आवडतं. या माणसानं पंचीकरण हा ग्रंथ कागदावर लिहिलाच नाही. तो लिहिला जाड्याभरड्या सुती पासोडीवर, लोक थंडीत अंगावर घेतात त्या कापडावर. लांबी जवळजवळ 40 फूट. पंचमहाभूतांपासून देह आणि सृष्टी कशी घडली, याची त्यावर मांडणी आहे, ओव्यांच्या जोडीला कोष्टकं आणि आकृत्याही आहेत.

कापडावर बोरूनं लिहून बघा, साहेब, म्हणजे कळेल. शाई धाग्यात पसरते, टोक विणीत अडकतं, आणि चूक झाली तर खोडायची सोय नाही. तरीही चाळीस फूट ओळीमागून ओळ त्यांनी लिहीत नेली. शरीर आणि विश्व यांचा संबंध एका नजरेत दिसावा म्हणून भिंतीवर तक्ता लावतात, तो वर्गातला तक्ता आमच्या दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी करून ठेवलाय, असं मी शाळेतल्या पोरांना सांगतो. त्यांचे डोळे मोठे होतात.

दासोपंतांच्या वंशजांनी, थोरल्या देवघरानं आणि धाकट्या देवघरानं, हा वारसा पिढ्यान्‌पिढ्या जपला. मधल्या काळात राजवटी बदलल्या, निजामाच्या राज्यात गावाचं नाव मोमिनाबाद होतं, घोडदळाची छावणी इथं होती, दुष्काळ तर मोजायलाच नकोत. पासोडी राहिली. पण सुती कापडाला वय असतं. घडीवर धागा तुटतो, दमट हवेत बुरशी धरते, उजेडानं शाई विटत जाते. घरच्या माणसांची माया कितीही असली तरी याला कापड आणि शाई जाणणारे तज्ज्ञ लागतात, आणि ते सरकारच आणू शकतं. माझं मागणं एवढंच आहे की वंशजांशी बसून बोला, त्यांच्या संमतीनं पासोडीची शास्त्रशुद्ध निगा करा, वीत-वीत भागाची मोठी छायाचित्रं काढा आणि ती कुठल्याही मराठी माणसाला मोबाइलवर वाचता येतील अशी ठेवा. आणि एक अट घालतो, हक्कानं घालतो: पासोडी अंबाजोगाईतच राहिली पाहिजे. मुंबईच्या एखाद्या काचेच्या दालनात ती सुरक्षित असेलही, पण तिथं ती चाळीस फुटांची एक वस्तू होऊन जाईल. इथं तिच्यापुढं माणसं हात जोडतात.

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं, आम्हाला मनापासून आनंद आहे. लीळाचरित्राच्या भूमीचा तो मानच होता. भिलारला पुस्तकांचं गाव झालं, तेही चांगलं. विवेकसिंधूच्या जागेवर विदर्भातल्या अंभोऱ्याचाही दावा आहे, त्याच्याशी आमचं भांडण नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या एका कवीवर दोन गावांनी जीव टाकावा, याहून मराठीची श्रीमंती ती काय? सोहळा एक वर्ष अंभोऱ्याला आणि एक वर्ष आमच्याकडं घ्या, अंबाजोगाईकर गाड्या भरून अंभोऱ्याला येतील. पण मराठवाड्याला वगळून अभिजात मराठीची गोष्ट सांगता येणार नाही. गाथासप्तशतीचा हाल सातवाहन पैठणचा, एकनाथ पैठणचे, ज्ञानोबांचं आपेगाव तिथून जवळच, नामदेवांची नर्सी हिंगोलीत, जनाबाईचं गंगाखेड परभणीत, गोरोबाकाकांचं तेर धाराशिवकडं, समर्थांचं जांब जालन्यात. एवढी माणसं एका पट्ट्यात जन्मली, आणि हा पट्टा बातम्यांत येतो तो पाण्याच्या टँकरसाठी.

साहित्याचा मोठा मेळा भरवणं आम्हाला नवं नाही. 1983 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं झालं, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. ज्या गावात स्वामी रामानंद तीर्थांनी शाळा चालवली, तिथं शिकण्या-शिकवण्याला आदर आहे. स्वामीजींच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय हे आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, हे तुम्हाला गावात पाऊल ठेवल्यापासून निदान चार जण तरी सांगतील. ऐकून घ्या. पाचव्याचंही ऐका.

जिल्हा व्हायची आमची मागणी कित्येक दशकांची आहे. ते खातं तुमचं नाही म्हणून या पत्रात ती ओढत नाही. पण आमच्या गाड्यांचा नंबर जाता जाता बघा: एमएच 44. बीडचा 23, आमचा 44. जिल्हा नसून स्वतःचा नंबर असलेलं हे गाव आहे. पुण्यातल्या एखाद्या सिग्नलला दुसरी 44 दिसली की काच खाली होते, "अंबाजोगाईचेच का?" असा प्रश्न येतो, आणि हिरवा दिवा लागायच्या आत मंगळवार पेठ की गुरुवार पेठ, इथपर्यंत चौकशी पोचलेली असते. परगावात इतक्या पटकन नातं जोडणारी नंबरप्लेट परिवहन खात्यानं दुसरी कुणाला दिली असेल असं मला वाटत नाही.

आता येण्याचं बघू. गावात रेल्वे नाही. तालुक्यात घाटनांदूरला स्टेशन आहे, पण तुमच्या सोयीचं परळी किंवा लातूर. तिथून रस्त्यानं या. मार्गशीर्ष पौर्णिमेला देवीचा उत्सव असतो, गाव भरलेलं असतं, कोकणची माणसंही भेटतील. गर्दी नको असेल तर पौषात या. पहिल्या दिवशी सकाळी मुकुंदराज, तेव्हा दरीत गारवा असतो आणि वानरं तुमच्या हातातल्या पिशवीवर डोळा ठेवून असतात, तेवढं सांभाळा. संध्याकाळी हत्तीखाना. दुसरा दिवस पूर्ण दासोपंतांना द्या, नृसिंहतीर्थावरच्या समाधीपासून सुरुवात करून. गाडीला वेळ असला तर धर्मापुरीच्या केदारेश्वरालाही जाऊन येऊ, शेजारच्या परळी तालुक्यात आहे, आणि त्या देवळाच्या भिंतीवरची शिल्पं बघून तुमच्याबरोबरचे अधिकारी गप्प होतील.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. पौषात आलात तर शेतावर हुरडा. तारीख तेवढी आठ दिवस आधी कळवा, म्हणजे कोवळी कणसं असलेलं रान हेरून ठेवतो. आगटी पेटवायला माणसं आमच्याकडं भरपूर आहेत.

आपला,
एक अंबाजोगाईकर