थांबा आणि थांब

प्रिय सुधीर,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले. चेकॉव्हची १८९९ सालची ती याल्टातली कथा, ‘द लेडी विथ द डॉग’, मी रशियनमधून इंग्रजीत करायला घेतलीय आणि एका ‘तू’पाशी अडलोय.

हॉटेलची खोली आठवते ना? नायिका आन्ना खिन्न बसलेली. ती म्हणते, ‘आता पहिल्यांदा तुमच्याच मनातून मी उतरले.’ तिचा प्रियकर गुरोव्ह टेबलावरचं कलिंगड कापतो, एक फोड सावकाश खातो. अर्धा तास शांतता. मग तो बोलतो, ‘तू माझ्या मनातून का उतरशील?’ ती ‘तुम्ही’ म्हणतेय आणि हा केव्हाच ‘तू’वर आलाय! त्या कलिंगडापेक्षाही मला हे जास्त बोचतं. इंग्रजीत दोघांच्या तोंडी ‘यू’.

पुढे तो तिच्या गावी जाऊन तिला नाट्यगृहात गाठतो, तेव्हा तोच गडबडून ‘समजून घ्या, आन्ना’ असं म्हणायला लागतो. प्रेमात पडल्यावर हा माणूस ‘तू’वरून ‘तुम्ही’वर येतो, बघ. आणि अखेरीस मॉस्कोत, ‘स्लाव्यान्स्की बझार’ हॉटेलात, तो विचारतो, कशी आहेस? ती म्हणते, ‘पगदी’. थांब, सांगते. थांबा नव्हे, थांब! आणि रडू आवरत नाही म्हणून तिला पुढे बोलताच येत नाही. सगळं अंतर त्या एका क्रियापदात मिटलंय. आपल्याला फक्त एक काना काढायचा. इंग्रजीत मात्र ‘वेट’ म्हटलं की संपलं.

कॉन्स्टन्स गार्नेटबाईंनी १९१६ ते १९२२ या काळात चेकॉव्हच्या कथांचे तेरा खंड इंग्रजीत आणले. त्यांच्या चुका काढणारे खूप आहेत, मला मात्र त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. त्यांच्याही हाताशी हाच एक ‘यू’ होता. जुन्या इंग्रजीतलं एकेरी ‘दाउ’ वापरावं तर बायबल वाचल्यासारखं वाटतं. ‘आता ती त्याला एकेरीत म्हणाली’ असं मध्येच घुसडणं मला जमणार नाही, चेकॉव्हनं ते लिहिलेलं नाही.

सध्या एवढंच केलंय: नाट्यगृहात ती त्याला ‘द्मीत्री द्मीत्रिच’ म्हणते, ते वडिलांच्या नावासकट तसंच ठेवलं. शेवटच्या भागात तिची वाक्यं अगदी तोकडी केली, आदबीचा एकही शब्द येऊ दिला नाही.

अनुवादाचे दोन खर्डे सोबत पाठवतोय. हॉटेलातला शेवटचा प्रसंग मोठ्यानं वाच आणि कुठल्या खर्ड्यात तुला ‘थांब’ ऐकू येतं ते कळव.

तुझा,
विनायक